हाताची परीक्षा

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी जर्नल सुबक असते, आकडे जुळलेले असतात, तोंडी उत्तरेही बरी येतात. पण त्याच विद्यार्थ्याच्या हाती कानस देऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात घासायला सांगितला तर? हातातले कौशल्य मोजायचे कसे, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलमध्ये होणारे अभियंते पूर्वी कारागिराशेजारी उभे राहून, त्याचे पाहून शिकत. समोर येईल ते काम करायचे. त्यामुळे वेळ फार जाई आणि कोण किती शिकला हेही नेमके कळत नसे. १८६८ साली संस्थेचे संचालक व्हिक्टर देला-व्हॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याची कर्मशाळा उत्पादनाच्या कर्मशाळेपासून वेगळी केली. सुतारकाम, लोहारकाम, जुळणीकाम अशा प्रत्येक कामाचे लहान लहान घटक पाडले आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारी नमुन्यांची मालिका बनवली. विद्यार्थी स्वतः काढलेल्या आराखड्यावरून वस्तू तयार करी. ती पसंत झाल्याखेरीज पुढच्या नमुन्याला हात लावता येत नसे.

गुण देण्याची रीत तर फारच विचारपूर्वक ठरवलेली होती. सुरुवातीच्या कामात मापे साधारण जुळली तरी चालत; पुढे मात्र ती काटेकोर लागत. म्हणजे आरंभी मिळालेले गुण आणि शेवटी मिळालेले तेवढेच गुण यांचा अर्थ एकच नसे. शिकाऊ हाताकडून त्या टप्प्यावर जे अपेक्षित, त्याच्याशी तुलना होई.

हे नमुने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडले गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि त्याच वर्षी आपल्या संस्थेत या पद्धतीच्या कर्मशाळांचा पाया घातला.

या पद्धतीलाही मर्यादा होतीच. नीट बसलेला सांधा हात तयार झाल्याचे सांगतो. पण यंत्र अडले तर दोष कुठे शोधायचा, कोणती चूक खपेल आणि कोणती घातक ठरेल, हे सांगत नाही. त्यासाठी विद्यार्थी काम करीत असताना शेजारी उभे राहून पाहावे लागते, ‘असे का केलेस?’ म्हणून विचारावे लागते.

आपल्या प्रयोगशाळेत आपण गुण देतो ते कशाला? वहीला, वस्तूला, की ती घडवणाऱ्या हाताला आणि डोक्याला? पुढच्या परीक्षेची गुणपत्रिका आखण्यापूर्वी एवढे ठरवले, तरी पुष्कळ झाले.