लहान लिपी, मोठी लिपी आणि फाइलींचे स्थलांतर

विंडोजच्या संगणकावर रचलेले आणि तेथे महिनोन्महिने बिनतक्रार चाललेले संकेतस्थळ लिनक्सच्या सर्व्हरवर चढविताच त्यातील चित्रे दिसेनाशी व्हावीत आणि सर्व्हरच्या नोंदवहीत ४०४ या आकड्याच्या ओळींवर ओळी उमटाव्यात, हा प्रकार या व्यवसायातील मंडळींच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याचे मूळ कोठे आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तात्कालिक कारण उघड असते: पानामध्ये चित्राचे नाव मोठ्या लिपीतील 'एल'ने आरंभिलेले, डिस्कवरील फाइल मात्र लहान 'एल'ने रुजू झालेली, विंडोज ही दोन नावे एकच मानते, लिनक्स ती निराळी मानते, आणि मागितलेल्या नावाची फाइल आपल्या दप्तरी नाही असा जबाब देते. परंतु ज्याला आपण यंत्राचा स्वभाव समजतो, तो येथे बऱ्याच अंशी एका जुन्या टंचाईचा वारसा आहे.

ही टंचाई अक्षरांची होती. १९६३ साली आलेल्या आणि पुढे संगणकांना सर्रास जोडल्या गेलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रावर केवळ मोठी लिपी उमटत असे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ॲस्की या अक्षरसंकेताच्या पहिल्या आवृत्तीतही लहान लिपी नव्हती, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम ही प्रणाली रचली, तेव्हा आठ अक्षरांचे नाव व तीन अक्षरांचा प्रत्यय, आणि वापरणाऱ्याने आज्ञा कोणत्याही लिपीत टंकित केली तरी ती मोठ्या लिपीत बदलून घेऊन मगच तिची तामिली, असा शिरस्ता पडला. १९८१ च्या एमएस-डॉसने तो उचलला आणि विंडोजकडे तो वारसाहक्काने आला.

न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सचा पाया घातला, तो मात्र निराळ्या विचारावर. त्यांच्या कर्नलला नाव म्हणजे बाइटांची एक माळ एवढेच ठाऊक. तिरकी रेघ आणि शून्य बाइट हे दोन वर्ज्य सोडले, तर ती माळ कोणत्या भाषेची आहे, तिच्यातील कोणते अक्षर कोणत्या अक्षराचे मोठे रूप आहे, याची विचारपूस करण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतलेच नाही. केवळ मोठी लिपी जाणणाऱ्या टेलिटाइपशी या प्रणालीने केलेली तडजोड पाहण्याजोगी आहे: प्रवेश करताना कोणी आपले नाव सर्वस्वी मोठ्या लिपीत दिले, तर या गृहस्थाच्या यंत्रात लहान लिपीच नाही असे ती ताडीत असे, तेथून पुढे त्याने टंकित केलेले प्रत्येक अक्षर लहान समजून स्वीकारीत असे, आणि मोठेच अक्षर हवे असल्यास त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ देण्याची मुभा ठेवीत असे. यंत्राची उणीव यंत्राच्या दारातच भागवावी, तिची झळ दप्तरातील नावांना लागू देऊ नये, ही दृष्टी मला आजही आदरणीय वाटते.

१९८४ चा मॅकिंटॉश आणि १९९३ ची विंडोज एनटी यांनी तिसरा मार्ग धरला: नाव जसे लिहिले तसे जपावे, परंतु शोधताना लिपीचा भेद मानू नये. सामान्य माणसाच्या सोयीच्या दृष्टीने हा निर्णय उदार होता, यात शंका नाही. पण लहान अक्षराचे मोठे रूप कोणते, हा प्रश्नच मुळी सार्वत्रिक नाही. तुर्की भाषेत ठिपक्याच्या 'आय'चे मोठे रूपही ठिपक्याचेच असते आणि बिनठिपक्याचा 'आय' हे स्वतंत्र अक्षर आहे. म्हणूनच एनटीएफएस पद्धतीच्या प्रत्येक डिस्क-विभागात लहान-मोठ्या अक्षरांच्या जोड्यांचा एक तक्ता साठविलेला असतो, आणि नावांची ओळख त्याच्याच आधारे पटविली जाते.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे १९९० साली वेबचा पहिला सर्व्हर चालविला तो नेक्स्ट संगणकावर, आणि नेक्स्ट हा युनिक्सच्याच कुळातला. वेबच्या पत्त्यातील यजमान-यंत्राच्या नावात लिपीभेद नाही, पुढील मार्गात मात्र तो असू शकतो, असा नियम रूढ झाला, आणि १९९५ च्या अपाची सर्व्हरनेही युनिक्सवरच बाळसे धरले. अशा रीतीने रचणारे हात विंडोजवर आणि अंमल युनिक्सचा, ही स्थिती पुष्कळ ठिकाणी उत्पन्न झाली. तिची झळ केवळ चित्रांना लागते असेही नव्हे: मायएसक्यूएलमध्ये कोष्टके डिस्कवर फाइलींच्या रूपाने राहतात, म्हणून त्यांच्या नावांतील लिपीभेदही प्रणालीगणिक बदलतो. खुद्द लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टर विभागात केवळ लिपीने भिन्न अशा फाइलींच्या जोड्या आहेत. डीएससीपी ही अक्षरे मोठ्या लिपीत असलेली फाइल जाळ्यावरील पाकिटाची खूण बदलण्यासाठी, लहान लिपीतली ती खूण तपासण्यासाठी. हा मजकूर साध्या विंडोज फोल्डरात उतरविला, की दोहोंपैकी एकच शिल्लक राहते.

देवनागरीत लिपीचे लहान-मोठेपण नाही, तेव्हा मराठी नावे या कलहातून सुटली, असे वाटण्याचा संभव आहे. ते खरे नाही. 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एका अखंड चिन्हाने किंवा 'र'ला नुक्ता जोडून. मॅकची १९९८ सालची एचएफएस प्लस ही पद्धत नाव साठविताना अखंड चिन्हाची फोड करीत असे. तीच फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर गेली आणि पानाने तिला अखंड 'ऱ'ने हाक दिली, तर डोळ्यांना तंतोतंत एक दिसणारी ही दोन नावे बाइटांच्या हिशेबी निराळी ठरतात आणि फाइल सापडत नाही.

अलीकडे दोन्ही पक्ष एकमेकांकडे सरकले आहेत: २०१८ पासून विंडोज १० मध्ये एखाद्या फोल्डरापुरता लिपीभेद चालू करता येतो, आणि २०१९ च्या लिनक्स ५.२ पासून एक्स्ट४ पद्धतीत तो फोल्डरापुरता बंद करता येतो. या सोयींवर विसंबून मात्र राहू नये. नवे काम आरंभिताना सर्व नावे लहान लिपीतच लिहावीत. जुन्या कामाचे स्थलांतर करण्यापूर्वी प्रत्येक नावाची खातरजमा सर्व्हरसारख्याच प्रणालीवर करून घ्यावी. आणि गिटमध्ये एखाद्या नावाची केवळ लिपी बदलावयाची असेल, तर फाइलीला आधी सर्वस्वी दुसरे नाव देऊन मग इष्ट नाव द्यावे, अन्यथा विंडोजवर तो बदल नोंदलाच न जाण्याचा संभव असतो.