कॅरॅव्हॅनने येणारे पाहुणे: भैरवगड, बाग आणि मोहाचा मुलूख

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील कुटुंबांकडे येणाऱ्या पाहुण्यांचा प्रकार बदलला आहे. पुण्या-मुंबईची मुले भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन निघतात. परदेशात राहिलेली मंडळी तर तिकडच्या सवयीने विचारतात, की वाटेत स्थानिक दुकाने कोणती आणि जवळपास एखादी व्हिस्कीची भट्टी पाहायला मिळेल का? तिकडे स्कॉटलंडमध्ये किंवा अमेरिकेतल्या केंटकीत अशी सहल रीतसर आखलेली असते. आपल्या उज्जैनमध्ये मद्याचा संबंध आधी देवाशी येतो, मग सरकारशी आणि शेवटी दुकानाशी. हे पाहुण्यांना समजावून सांगणे यजमानाकडे येते, म्हणून सभासदांच्या उपयोगासाठी ही माहिती एकत्र केली आहे.

१ एप्रिल २०२५ पासून उज्जैन महानगरपालिकेच्या हद्दीत दारूची दुकाने आणि बार बंद आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी महेश्वर येथे झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत राज्यातील १९ धार्मिक नगरे व ग्रामपंचायती यांसाठी हा निर्णय झाला. ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर, ओरछा, मैहर, चित्रकूट, अमरकंटक ही त्यांतली काही नावे. म्हणजे इंदूर-उज्जैन-ओंकारेश्वर-महेश्वर अशी नेहमीची फेरी केली, तर इंदूर सोडून कुठेही विक्री नाही. बंदी विक्रीवर आहे, काळभैरवाच्या नैवेद्यावर नाही. पाहुण्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

काळभैरव

महाकाळापासून सुमारे सहा किलोमीटरवर, क्षिप्रेच्या काठी, भैरवगडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या बाजूला हे देऊळ आहे. अष्टभैरवांमधले हे मुख्य. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात त्याचा उल्लेख येतो आणि आवारात परमारकालीन मूर्ती सापडल्या आहेत. आज दिसते ती वास्तू मात्र मराठा वळणाची आहे. भिंतींवर एके काळी माळवा शैलीची चित्रे होती, त्यांच्या खुणा अजून नीट पाहिल्या तर दिसतात. बहुतेक लोक रांगेच्या घाईत तिकडे बघतच नाहीत.

आपल्या पाहुण्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे देवाच्या डोक्यावरची पगडी. पानिपतच्या पराभवानंतर महादजी शिंद्यांनी आपली पगडी भैरवापुढे ठेवून यशासाठी नवस केला आणि पुढे देवळाचा जीर्णोद्धार केला, असे सांगतात. शिंदे घराण्याकडून पगडी अर्पण करण्याची परंपरा तेव्हापासून आहे. उज्जैन ही १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती, त्यानंतर दौलतरावांनी ग्वाल्हेरला लष्कर वसवले. महाकाळाचे देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले, तर गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचे. तेव्हा या गावात आपण पाहुणे नाही, हे पुण्याच्या पाहुण्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

नैवेद्याची पद्धत साधी आहे. पुजारी बाटलीतले थोडे मद्य बशीत ओततात, मंत्र म्हणतात आणि बशी मूर्तीच्या ओठांशी नेऊन किंचित कलती करतात. मद्य हळूहळू नाहीसे होते. कुठे जाते, यावर प्रत्येकाचे मत असते आणि प्रत्येक कुटुंबात एक तरी भौतिकशास्त्राचा पदवीधर असतो. त्या चर्चेत मी पडत नाही. बाटलीतले उरलेले मद्य प्रसाद म्हणून परत मिळते. खरी अडचण त्या परत मिळणाऱ्या बाटलीची आहे.

बंदीपूर्वी देवळाबाहेरच्या दुकानांतून फुले, नारळ आणि बाटली अशी परडीच मिळे. आता परडीत फुले-नारळच असतात. मद्य अर्पण करायचे असेल त्याने ते शहराच्या हद्दीबाहेरच्या परवानाधारक दुकानातून स्वतः आणायचे. बिल जपून ठेवावे, बाटली देवळापर्यंत सीलबंद राहू द्यावी, आणि किती बाळगता येते याचा नियम अबकारी कार्यालयाकडून आधी विचारून घ्यावा. देवळाबाहेर कोणी पिशवी दाखवून बोलावू लागला तर सरळ पुढे चालावे. माझा सल्ला विचाराल तर लहान बाटली, म्हणजे १८० मिलीची, न्यावी. नारळ-फुलांवरही देव रागावत नाही, हे पुजारीच सांगतात.

लहान बाटली का, ते आमच्या घरच्या प्रसंगावरून सांगतो. भाचा कॅरॅव्हॅन घेऊन आला होता, सोबत त्याचे सासू-सासरे. सासऱ्यांनी हौसेने पूर्ण बाटली वाहिली आणि निम्म्याहून अधिक प्रसाद गाडीतल्या कपाटात ठेवला. रात्री जेवताना पुढचा रस्ता कळला. दाहोदमार्गे बडोदा, मग सुरत. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदाच तिथे २०११ पासून गुजरात दारूबंदी कायदा या नावाने चालतो, आणि बाटली सापडली तर माणसाबरोबर वाहनही जप्त होऊ शकते. भाड्याची गाडी जप्त झाली तर मालकाला काय सांगणार? बँकेत कर्जवसुली केलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा जप्तीचा पंचनामाच येतो. मी म्हटले, ओतून टाका. सासूबाई म्हणाल्या, प्रसाद मोरीत ओतणार? त्या दीड तास तशाच बसून राहिल्या. शेवटी आमच्या आत्याबाईंनी तोड काढली. अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याशी, नमस्कार करून, सगळे ओतले. रिकामी बाटलीसुद्धा गाडीत ठेवू दिली नाही. सासूबाईंचे समाधान पूर्ण झाले असे मला वाटत नाही, पण पंचनाम्याची चिंता मिटली.

महाराष्ट्रात परतणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथे मद्य बाळगायला परवाना लागतो आणि दुसऱ्या राज्यातून परवानगीशिवाय आणणे गुन्हा आहे. दुसरी गोष्ट चालकाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीर्थ म्हणून घेतले काय आणि हौसेने घेतले काय, फुंकर मारायच्या यंत्राला फरक कळत नाही. गाडी चालवणाऱ्याने तीर्थ घेऊ नये, नुसता हात जोडावा.

शारदीय नवरात्रात अष्टमीला पाहुणे आले, तर नगरपूजा अवश्य दाखवा. चोवीस खांबा देवीच्या देवळात खुद्द जिल्हाधिकारी देवीला मद्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग गळक्या मडक्यातून मद्याची धार धरत मिरवणूक सुमारे २७ किलोमीटर शहरभर फिरते. ही रीत विक्रमादित्याच्या काळापासूनची मानतात.

दुकाने

भैरवगडला आलेल्या पाहुण्याने देवळातून परस्पर परत फिरू नये. याच वस्तीत छिपा कुटुंबांचे बाटिकचे काम चालते. उज्जैन बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वितळलेले मेण कापडावर हाताने रेखून मग कापड रंगात बुडवतात. जिथे मेण तिथे रंग चढत नाही. मेणाला बारीक तडे जातात आणि त्यांतून रंग झिरपून केसासारख्या रेषा उमटतात. शेवटी कापड उकळत्या पाण्यात टाकून मेण काढतात. चादरी, साड्या, ओढण्या आणि ड्रेसचे कापड मिळते. खरे बाटिक ओळखायचे असेल तर कापड उलटून पाहावे. तड्यांच्या रेषा मागच्या बाजूलाही जवळजवळ तितक्याच गडद असतात. छापील नकलेची मागची बाजू फिकी असते आणि एकच तडा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसतो. कारागिराच्या घरून घेतले तर फार घासाघीस करू नये. एका चादरीला किती वेळा रंगाच्या हौदात उतरावे लागते, हे एकदा पाहिले की आपला हात आपोआप आखडतो.

जुन्या शहरात, म्हणजे गोपाळ मंदिर, छत्री चौक, पटनी बाजार या भागात, कॅरॅव्हॅन नेण्याचा विचारही करू नये. गाडी बाहेर मोठ्या वाहनतळावर लावून ई-रिक्षाने जावे. कुंकू, पूजेची भांडी, चांदी आणि शेव यांसाठी हा भाग आहे. श्रावणातल्या सोमवारी, महाकाळाच्या सवारीच्या दिवशी, ई-रिक्षाही विसरावी. २०२८ च्या सिंहस्थाची कामे सर्वत्र सुरू असल्याने रस्ते अचानक बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी इथल्या माणसाला फोन करून विचारणेच बरे.

भट्टी पाहायचीच असेल तर

धार जिल्ह्यात आणि बडवाहजवळ मद्याचे मोठे कारखाने आहेत. ते औद्योगिक कारखाने आहेत, सहलीची ठिकाणे नव्हेत. आपल्याकडे स्वस्त व्हिस्की म्हणून विकली जाणारी बरीचशी मुळात मळीच्या अल्कोहोलपासून बनते, तिला युरोपात व्हिस्की म्हणू देत नाहीत, हेही पाहुण्यांना माहीत असू द्यावे. सातूच्या माल्टची व्हिस्की आणि तिचे तांब्याचे बंब पाहायचे असतील, तर गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनचे पाहुण्यांसाठी खुले केंद्र आहे. त्याच बाजूला काजूची फेणीही आहे. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण ती वेगळी सहल झाली.

आपल्या बाजूचे खरे मद्य मोहाचे. पश्चिमेकडे आलीराजपूर जिल्ह्यात भिल्ल-भिलाला वस्तीत मोहाचे झाड म्हणजे घरातले वडीलधारे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जाड, रसाळ, पिवळसर फुले गळतात. बायका-मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फुले उन्हात वाळवून ठेवतात, नंतर पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात आणि मडक्यात उकळून वाफ नळीवाटे थंड भांड्यात उतरवतात. लग्न, नवस, अंत्यविधी, कुठल्याही कार्यात धरतीला आणि पूर्वजांना पहिली धार दिल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. काळभैरवाच्या बशीशी या रीतीचे नाते असावे, असे मला वाटते.

घरगुती वापरासाठी आदिवासींना गाळण्याची मुभा आहे, विकण्याची नाही. हा भेद न समजता एखाद्या पाड्यावर गाडी थांबवून पैसे पुढे करणे म्हणजे त्या माणसाला गुन्ह्यात ओढणे होय. पाहुण्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे. राज्य सरकारने अलीकडे मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज मदिरा’ असा दर्जा देऊन आदिवासी बचत गटांनाच ते तयार करण्याचे परवाने दिले. आलीराजपूरचे ‘मोंड’ आणि दिंडोरीचे ‘मोहुलो’ ही त्यातली दोन नावे. चव घ्यायची असेल तर हे परवान्याचे मद्य राज्य पर्यटनाच्या बारमध्ये विचारावे, अर्थात उज्जैनसारख्या बंदीच्या गावांबाहेर. बचत गटाची जागा पाहायची असेल, तर आधी बोलून वेळ ठरवून जावे आणि ते नाही म्हणाले तर नाही.

वाटेतच बाग लागते. उज्जैनहून इंदूर ५५ किलोमीटर, पुढे पवारांचे धार, आणि धारपासून बाग ९०-१०० किलोमीटर. घाटवळणाचा भाग उजेडीच पार करावा. खत्री कारागीर सिंधमधून येऊन इथे स्थिरावले, कारण बाघिनी नदीचे पाणी लाल रंगाला मानवले. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोखंड-गुळाचा काळा आणि तुरटीचा लाल ठसा उठवतात, मग अलिझरिन व धायटीची फुले घालून उकळतात. बाग छपाईला २००८ पासून मानांकन आहे. जवळच गुप्तकालीन बौद्ध लेणी आहेत. तिथली बहुतेक मूळ चित्रे भिंतीवरून उतरवून ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात नेली आहेत, तेव्हा अजिंठ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

बागेहून कुक्षीमार्गे आलीराजपूर आणि पुढे कट्ठीवाडा. या रस्त्यावर गुजरातची सीमा अगदी जवळ आहे. एखाद्या वळणावर नकाशातला लहान रस्ता सरळ छोटा उदेपूरकडे नेतो, आणि गाडीत बाटली असेल तर तिथे आंब्याचे झाड शोधायला वेळ मिळत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे बाजार भरतात. त्या दिवसांत जायचे असेल तर मुक्कामाची जागा आधी ठरवावी, गाडी बाजारापासून दूर लावावी आणि मुलींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.