मोटारीचा पिवळा दिवा



पुणें-नाशिक हमरस्त्यावर, खेड व मंचर यांच्या दरम्यान, आंबेगांव तालुक्यांत पेठ नांवाचें गांव आहे. या वाटेवरील घाटांच्या चढणींत मोटारीच्या यंत्राची खरी परीक्षा होते, आणि अशा वेळींच कित्येकदां चालकापुढील फलकावर यंत्राच्या आकृतीचा पिवळा दिवा उजळतो. हल्लीं मुठींत मावणारें एक वाचकयंत्र बाजारांत मिळतें. तें गाडीस जोडून मोबाईलवर एक कळ दाबली कीं दिवा मावळतो, आणि घरच्या घरीं रोग बरा केल्याचें समाधान पुष्कळांस लाभतें. तें समाधान कितपत खरें, हें कळण्यास या दिव्याचा इतिहास पाहणें अवश्य आहे.

या दिव्याचें मूळ कॅलिफोर्नियांत आहे. लॉस एंजलिस शहरावर पसरणाऱ्या, डोळे झोंबविणाऱ्या धुरक्याचा उगम हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनज्ञानें १९५० च्या सुमारास शोधून काढला. मोटारींच्या धुरांतील द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें विष बनतें, असें त्यानें दाखविलें. १९६७ सालीं तेथें वायुसंरक्षण मंडळ स्थापन झालें व हागेन-स्मिट त्याचा पहिला अध्यक्ष झाला. धूर शुद्ध करणारी साधनें मोटारींत आलीं. पण नवी गाडी शुद्ध धूर सोडते एवढ्यानें काय साधतें? तीच गाडी पांच वर्षांनीं बिघडली, तर तें मालकास कळावें कसें?

याचें उत्तर गाडींतील संगणकानें दिलें. १९८१ पासून जनरल मोटर्सच्या अमेरिकन गाड्यांत बिघाड टिपून ठेवण्याची सोय झाली. जोडणीच्या दोन टोकांस तार लावली कीं दिवा मिचकावूं लागे, आणि कारागीर त्या मिचकावण्या मोजून दोषाचा अंक ओळखी. १९८८ च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियानें अशी स्वयंतपासणी सक्तीची केली. तथापि प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी व अंकही निराळे असल्यानें, रस्त्याकडेच्या साध्या कारागिरास तें ज्ञान दुर्लभच राहिलें. १९९० च्या अमेरिकन कायद्यानें ही माहिती स्वतंत्र कारागिरांसही खुली करण्याचा मार्ग घालून दिला, आणि १९९६ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारींत सोळा टोकांची एकच जोडणी व सामान्य दोषांसाठीं एकच संकेतावली आली. पी ०३०० म्हणजे यंत्रांत इंधनाचें ज्वलन चुकत आहे. पी ०४२० म्हणजे धूर शुद्ध करणारें पात्र निकामी होत चाललें आहे. घरीं बसून हे अंक वाचतां येतात, तें या कायद्याचें फळ होय.

आपल्याकडे हा दिवा भारत स्टेज चार या नियमाबरोबर रुजला. एप्रिल २०१० मध्यें तो नियम पुण्यासह तेरा शहरांत लागू झाला; सर्व देशास मात्र एप्रिल २०१७ पर्यंत थांबावें लागलें. म्हणजे मधलीं कित्येक वर्षें पुणें शहरास एक नियम आणि पेठेसारख्या गांवास दुसरा. वारा कांहीं नगराची वेस ओळखत नाहीं! १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मात्र सर्वत्र एकदमच आला.

आतां दिवा पुसण्याविषयीं. कळ दाबल्यानें केवळ अंक पुसला जात नाहीं. बिघाड झाला त्या क्षणीं वेग किती होता, यंत्र किती तापलें होतें, ही नोंदही त्याबरोबर जाते, आणि गाडीनें स्वतःच्या पूर्ण केलेल्या परीक्षाही रद्द होतात. नापास मुलाच्या प्रगतिपुस्तकांतील पान फाडलें, म्हणून त्यास गणित येऊं लागत नाहीं. दोष कायम असेल तर दिवा पुन्हां लागतो. मधल्या काळांत मात्र कारागिराचा पुरावा नाहींसा होतो. जुनी गाडी विकतांना कोणी असें केलें, तर घेणाऱ्याची ती उघड फसवणूक होय.

म्हणून पुसण्यापूर्वीं अंक वहींत उतरून घ्यावा, त्याचें कारण शोधावें, दुरुस्ती करावी, आणि मगच कळ दाबावी. दुरुस्ती खरी असेल, तर सामान्यतः तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपण होऊनच विझतो. पुसण्याची निकड फारशी नसतेच. दिवा स्थिर असेल तर गाडी बेतानें घरीं आणावी. तो लुकलुकूं लागला, तर न जळलेलें इंधन शुद्धिपात्रांत शिरून त्याचा नाश होत आहे असें समजावें, वेग कमी करावा आणि सुरक्षित जागीं थांबावें.

ज्या धुराची वार्ता हा दिवा देतो, तो घाटांतून खालीं गांवांत उतरतो आणि आपल्याच मुलांच्या श्वासांत जातो. तेवढें ध्यानांत ठेवून त्या कळेवर बोट ठेवावें, एवढीच विनंती करून मी आपला निरोप घेतों.