मोटारीतल्या मेणाची गोष्ट: थर्मोस्टॅटचा इतिहास

१९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात आली, तेव्हा तिच्या इंजिनात थर्मोस्टॅट नव्हता. आरंभीच्या काही गाड्यांनंतर कंपनीने पाण्याचा पंपही काढून टाकला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये निवते आणि जड होऊन खाली उतरते. एवढ्या एका नियमाच्या भरवशावर १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या.

अडचण होती हिवाळ्याची. कडाक्याच्या थंडीत चालक रेडिएटरपुढे पुठ्ठा लावीत किंवा त्यावर घोंगडी टाकीत. इंजिन जितके गार तितके चांगले, या सर्वसाधारण समजुतीला हे विसंगत वाटेल. परंतु थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलची वाफ थिजते आणि तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन नेते. ज्वलनातून निघालेली वाफ ऑइलमध्ये उतरते आणि त्याचा चिखल होतो. उकळलेले इंजिन सर्वांना दिसते; थंड राहिलेले इंजिन मात्र निमूटपणे झिजत जाते.

१९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा ‘बॉयस मोटोमीटर’ हा तापमापक आला. बसल्या जागेवरून तापमान दिसू लागले, तरी घोंगडी टाकायची की काढायची, हे चालकानेच ठरवायचे होते.

उष्णतेने स्वतःच स्वतःला आवरावे, ही कल्पना मात्र मोटारीहून फार जुनी. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याची भट्टी बांधली होती. भट्टी तापली की नळीतला पारा वर सरके आणि धुराड्याची झडप मिटे. निवली की झडप पुन्हा उघडे. पुढे १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने कमी-अधिक प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या नियंत्रकाचे पेटंट घेतले. ‘थर्मोस्टॅट’ हे नावही त्याचेच. त्याच्या डोळ्यांसमोर मोटारी नव्हत्या, गिरण्या होत्या.

१९१४ साली कॅडिलॅकने आपल्या नव्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात शीतक पाण्यावर तापमानाचे स्वयंचलित नियंत्रण आणले. त्या पिढीतील थर्मोस्टॅटांत बहुधा धातूचा घडीदार भाता असे. अमेरिकेच्या हवामान खात्यात काम केलेल्या वेस्टन फुल्टनने असा भाता विसाव्या शतकाच्या आरंभी नॉक्सव्हिल येथे घडवला होता. त्यात चटकन वाफ होणारा द्रव भरलेला असे. पाणी तापले की भाता फुगून झडप उचले. युक्ती सुरेख, पण पुढे रेडिएटर हवाबंद होऊन त्यात दाब राखला जाऊ लागला, तेव्हा तिचे वर्म उघडे पडले. बाहेरचा दाब भात्याला चेपू लागला आणि झडप उशिरा उघडू लागली.

उत्तर मिळाले मेणात. १९३४ साली सर्जियस व्हर्नेटने मेणावर चालणारा थर्मोस्टॅट शोधून काढला. पितळेच्या छोट्या डबीत तांब्याची पूड मिसळलेले मेण, त्यावर रबर आणि रबरात एक दांडी, एवढाच त्याचा संसार. घन मेण वितळताना काही थोड्या अंशांच्या टप्प्यातच लक्षणीय फुगते आणि स्प्रिंगच्या विरुद्ध झडप ढकलते. बाहेरच्या दाबाची त्याला फारशी पर्वा नसते. मेणाचे मिश्रण बदलले की उघडण्याचे तापमान बदलते. आजही पुष्कळ थर्मोस्टॅटांवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला आढळतो.

भारतात या डबीच्या वाट्याला मात्र अविश्वास आला. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्या हे एके काळी नित्याचे दृश्य होते. आपल्या उष्ण देशात थर्मोस्टॅट हवाच कशाला, असे म्हणून तो काढून टाकण्याची रीत पडली. तिच्यामागे अनुभव होता, हे मान्य केले पाहिजे: डबीतले मेण झिरपून गेले की झडप मिटलेलीच राहते आणि इंजिन उकळते. दोष त्या एका डबीचा होता. शिक्षा मात्र कल्पनेलाच मिळाली. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, काही पाणी न निवताच परत फिरते आणि ऐन चढावर इंजिन आणखीच तापते.

थर्मोस्टॅट बदलण्याचे काम तसे लहान, परंतु इंजिन पूर्ण निवल्यावरच हात घालायचा. गरम रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याला उकळते पाणी भाजून काढते. शीतक उतरवायचे, घराचे बोल्ट सोडवायचे, जुने गॅस्केट खरवडायचे. नव्या थर्मोस्टॅटवर कंपनीने नेमलेलाच आकडा हवा. मेणाची डबी सहसा इंजिनाच्या बाजूला येते आणि हवा सोडणारी छोटी पिन असल्यास ती वरच्या अंगाला. उलटा बसवला तर डबीला गरम पाणी वेळेवर भिडत नाही. शीतक भरून इंजिन चालवायचे आणि अडकलेली हवा निघू द्यायची, नाहीतर ॲल्युमिनियमचे हेड वाकण्यापर्यंत मजल जाते.

नवा बसवण्यापूर्वी तो दोऱ्याने बांधून, तळाला टेकणार नाही असा पातेल्यातल्या पाण्यात सोडावा, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी हळूहळू तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलू लागते. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात.