'वासूनाका' : निवेदकाची जवळीक आणि वाचकाचा रोष

१९६५ साली प्रसिद्ध झालेल्या भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ने वाचकांचा जो रोष ओढवून घेतला, त्याची मीमांसा बहुधा अश्लीलतेच्या प्रश्नापाशीच थांबली. आचार्य अत्रे यांनी या कादंबरीवर कडाडून टीका केली. चावट विनोदाचे वावडे नसलेल्या अत्र्यांनाही ती सोसू नये, यावरून रोषाचे मूळ केवळ शब्दांत नव्हते असे दिसते. ते निवेदनतंत्रात शोधावयास हवे.

गिरगाव-दादर-परळचा वाचक गुन्हेगारीच्या चित्रणाला बुजणारा नव्हता. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवर हाच वर्ग पोसला होता. तेथला काळापहाड कायदा मोडतो. परंतु त्याच्या सज्जनपणाची हमी निवेदकाने दिलेली असल्यामुळे वाचक निर्धास्त असतो. बोलीच्या बाबतीतही असाच एक अलिखित करार होता. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'मध्ये (१९५२) पात्रे कोकणी वळणाची बोली बोलतात, निवेदन मात्र प्रमाण मराठीत चालते. अवतरणचिन्हे म्हणजे जणू चाळीच्या गॅलरीचा कठडा. त्याच्या आड उभे राहून खालचे भांडण सुखरूप पाहता येते.

पाध्यांनी हा कठडाच काढून टाकला. नाक्यावरचा पोक्या स्वतः कथा सांगतो, आणि ज्या भाषेत तो दोस्तांशी बोलतो तीच निवेदनाचीही भाषा होते. टवाळी, पोरींची छेड, दैन्य, सारे एकाच सुरात येते. त्या सुराला दुरुस्त करणारा दुसरा, अधिक शहाणा आवाज कृतीत कोठेच नाही. प्रकरणांचे सांधेही सैल आहेत; एका प्रसंगातील अनुभव पुढच्या प्रसंगात शहाणपण होऊन येत नाही. 'कोसला'चा (१९६३) निवेदकही प्रथमपुरुषी आहे, आणि तिनेही अनेकांना चिडवले. पण पांडुरंग सांगवीकर पंचविशीत पोहोचून मागे वळून पाहतो. त्या अंतरात वाचकाला बसावयास जागा मिळते. पोक्या ती जागा देत नाही. वाचक आधी त्याच्याबरोबर हसतो, आणि आपण कशाला हसलो हे त्याला नंतर उमगते. चीड येते ती, निदान अंशतः, स्वतःच्याच हसण्याची.

अशी पोरे मुंबईत असतातच, हा वास्तववादाच्या नावाने केला जाणारा बचाव त्यामुळे अपुरा वाटतो. तो आशयाची साक्ष काढतो, निवेदनाविषयी काहीच बोलत नाही. खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो याच तंत्रावर घेता येईल. आवाज एकट्या पोक्याचा असल्याने ज्या मुलींची छेड काढली जाते त्यांचे म्हणणे वाचकापर्यंत पोहोचते ते त्याच्याच तोंडून, त्याने थट्टेवारी नेलेले. शब्दांवर घसरलेल्या टीकेने हा प्रश्न विचारलाच नाही.