चार आण्यांची वाट

वाघोलीचा गाव नकाशा मी पहिल्यांदा पाहिला, तो एक जुना गट शोधण्यासाठी. गट सापडला, पण नजर अडकली ती गटांच्या मधून गेलेल्या रेषांवर. आपल्याकडच्या गाव नकाशांत रस्त्यांची एक सांकेतिक लिपी असते. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. त्यांची रुंदीही ठरलेली असते. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग सव्वाआठ फूट.

हा सव्वाआठचा आकडा मला बरेच दिवस छळत होता. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला चालायला आठ फूट पुरे झाले असते. मग वरचे पाव फूट कशासाठी?

उत्तर गुंठ्यात सापडले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा. हे तेहतीस फूट म्हणजे जुन्या मोजणीची एक साखळी, आणि त्या साखळीचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. साखळीचा चौथा हिस्सा, म्हणजे चार आणे, भरतो बरोबर सव्वाआठ फूट. आठ आणे म्हणजे साडेसोळा. गाडीला आठ आणे आणि पायी चालणाऱ्याला चार आणे, असा तो हिशेब बसतो.

ही मोजणी ज्या पद्धतीची, तिचा उगम पुणे जिल्ह्यातलाच. प्रिंगल या अधिकाऱ्याची आधीची पाहणी फसली. त्यानंतर १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीने काम सुरू केले. तिचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. हेतू अर्थातच सारा ठरवण्याचा होता. शेत किती, जमिनीची प्रत कोणती आणि आकार किती, एवढेच सरकारला हवे होते. पण सारा बसवायचा, तर ज्या जमिनीवर तो बसू शकत नाही तीही वेगळी काढावी लागते. ओढा, नाला, रस्ता, पायवाट यांखालची जमीन पोटखराबात जाते. म्हणजे आपल्या पायवाटा कागदावर आल्या त्या चालणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे. त्यांच्यावर काही पिकत नव्हते, म्हणून त्यांची नोंद झाली.

हे लक्षात आल्यावर मी सह्याद्रीतल्या घाटवाटांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. नाणेघाट सर्वांच्या परिचयाचा आहे. जुन्नरकडून घाटघरमार्गे खाली वैशाखऱ्याला उतरणारी ही वाट सातवाहनांच्या काळात देशावरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे नेत होती. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आहेत आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण यांचे आकडेही आहेत. एवढ्या दानाला पैसा लागतो, आणि तो कुठून आला याचा एक धागा त्याच वाटेवर आहे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. वाटेने उत्पन्न दिले, म्हणून वाटेवर लेख कोरला गेला. ज्या वाटांनी फक्त गावकरी बाजाराला जात होते, त्यांच्यावर कोणी लेख कोरला नाही.

राजसत्तेचे लक्ष जसे येते, तसे जातेही. १८३० साली बोरघाटात चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे धावली. तोवर बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांतून चालणारी वाहतूक हळूहळू चाकांवर गेली आणि इतर घाटवाटांचे व्यापारी महत्त्व ओसरले. तरीही त्या वाटा मोडल्या नाहीत. पायथ्याच्या आणि माथ्याच्या गावांतले लोक आठवडी बाजाराला, सोयरिकीला, जत्रेला त्यांवरून जात-येत राहिले. आज गिर्यारोहक जिला 'अनवट घाटवाट' म्हणतात, ती बहुधा अशा पायांनीच जिवंत ठेवलेली असते. वाट राखायला दुसरी कुठलीच यंत्रणा नव्हती.

आता वाघोलीकडे येतो. इथला मोठा रस्ता म्हणजे नगर रस्ता. त्याला इतिहास आहे. वाघेश्वराचे देऊळ, पिलाजीराव जाधवांची समाधी, पुढे १८१८च्या लढाईचे कोरेगाव हे सारे त्याच्या आधाराने सांगितले जाते. पण गाव जगले ते लोहगाव, केसनंद, बकोरी, भावडी, वाडेबोल्हाई इकडे फुटणाऱ्या वाटांवर. लोहगाव हे तुकोबांचे आजोळ, वाडेबोल्हाईला बोल्हाई देवी. कीर्तनाला, नवसाला माणसे जात ती पायीच. नकाशातल्या एकेरी रेषा मी पायाखाली घालायला निघालो, तेव्हा एक रेषा गृहसंकुलाच्या भिंतीशी संपली. दुसरी खाणीच्या कड्यावर संपली, पुढे तीसेक फूट खोल हिरवे पाणी. तिसरी मात्र बांधाच्या कडेने, बाभळींच्या खालून बरीच पुढे गेली. ती दाखवणाऱ्या एका आजींना वाटेतल्या प्रत्येक विहिरीचे पाणी गोड की मचूळ हे पाठ होते.

कायदा पायवाटेच्या बाजूने अगदीच नाही असे नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले १४३वे कलम शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क देते. १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा वहिवाटीची वाट अडवली, तर अडथळा दूर करायला लावतो. पण त्यासाठी अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. म्हणजे कोणीतरी सहा महिन्यांत तिथून जायला हवे, आणि अडल्यावर त्याला राग यायला हवा. जिथे कोणी चालतच नाही, तिथे तक्रार कोण करणार?

फ्रान्समधल्या डोंगराळ खेड्यांनी हा प्रश्न वेगळ्या प्रकारे हाताळला. तिथे १९४७पासून हौशी चालणाऱ्यांनी झाडांवर, दगडांवर पांढरे-तांबडे पट्टे रंगवून लांब पल्ल्याच्या वाटा आखल्या. पुढे १९८३च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्याला पायवाटांची यादी करण्याचे काम दिले. यादीतली गाववाट विकायची झाली, तर चालण्याजोगी पर्यायी वाट द्यावी लागते. त्या वाटाही मुळात गुराख्यांच्या, चक्कीला जाणाऱ्यांच्या. उपयोग बदलला, पण कोणीतरी चालत राहिले आणि ते चालणे कागदावर आले.

आपल्याकडे अर्धे काम झालेले आहे. जुन्या मोजणीने गावोगावच्या तुटक रेषा आयत्या दिल्या आहेत. राहिले आहे ते त्यांच्यावरून चालणे, आणि कुठली वाट कोणत्या कामाची होती हे जाणत्या माणसांकडून लिहून घेणे. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. शहराचे आराखडे मीटरमध्ये आखले जातात, त्यांत सव्वाआठ फुटांना जागा मिळणे कठीण. चार आण्यांचे नाणे तर २०११ सालीच चलनातून गेले.

त्या आजींबरोबर चाललेली वाट मी वहीत उतरवून ठेवली आहे, विहिरींसकट. यंदाच्या दिवाळीत गावी जाल, तेव्हा आपल्या गावाचा नकाशा मागून घ्या आणि त्यातली एक तुटक रेषा घरातल्या सर्वांत वयस्क माणसासोबत चालून या. ती कुठे अडते, तेवढी तारीख मात्र लिहून ठेवा. सहा महिने तिथूनच मोजायचे असतात.