व्ही-घोस्ट: लिनक्सच्या गाभ्यात नऊ वर्षं दडून बसलेली चूक

तुम्ही मोबाइलवरून तिकीट काढता, तेव्हा खरं काम दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर होतं. त्याच सर्व्हरवर इतर कंपन्यांचीही कामं चालू असतात. त्यांची माहिती एकमेकांत मिसळत नाही, कारण मध्ये सॉफ्टवेअरची भिंत असते. सप्टेंबर २०१९ मध्ये या भिंतीतलं एक भगदाड उघड झालं. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१९-१४८३५ आणि टोपणनाव 'व्ही-घोस्ट'. टेन्सेंट कंपनीच्या ब्लेड टीमने ते शोधलं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं असतात, तसे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडाला मेमरी, प्रोसेसर आणि नेटवर्क किती द्यायचं, हे ठरवतो कर्नल, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यामुळे कर्नल ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात अख्खा वाडा.

चूक नेमकी कुठे होती?

लिनक्स कर्नलच्या 'व्हीहोस्ट-नेट' या भागात. व्हर्च्युअल मशीनची नेटवर्कवरची ये-जा वेगाने व्हावी, यासाठी तो असतो.

चालू मशीन बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं. याला 'लाइव्ह मायग्रेशन' म्हणतात. या काळात मेमरीचा कोणता भाग बदलला, याची नोंद कर्नल ठेवतो. नोंदवहीची पानं ठरलेली असतात. मशीनकडून शून्य लांबीची नोंद आली, तर ती मर्यादेत मोजली जात नव्हती, पण वहीत मात्र लिहिली जात होती. अशा नोंदींचा मारा केला की वही भरून मजकूर शेजारच्या मेमरीत सांडायचा. यालाच 'बफर ओव्हरफ्लो' म्हणतात. त्यातून मूळ सर्व्हर बंद पाडता येत होता किंवा त्यावर ताबा मिळवण्याची वाट उघडत होती.

हल्ला सोपा होता का?

त्याला दोन अटी होत्या. पहिली, व्हर्च्युअल मशीनमध्ये सर्वाधिकार हवेत. क्लाउडवर मशीन भाड्याने घेणाऱ्याकडे ते सहसा असतातच. दुसरी, त्याच वेळी मायग्रेशन चालू हवं. ते साधारणपणे क्लाउड कंपनीच्या हातात असतं. म्हणून हल्ला अवघड होता, अशक्य नव्हता.

उपाय काय झाला?

मे २०१० मध्ये आलेल्या लिनक्स २.६.३४ पासून ही चूक होती. दुरुस्ती मात्र अगदी छोटी निघाली: शून्य लांबीची नोंद वहीत लिहायचीच नाही. ज्यांना लगेच अपडेट करणं शक्य नव्हतं, त्यांना मायग्रेशन थांबवण्याचा किंवा व्हीहोस्ट-नेट बंद ठेवण्याचा पर्याय होता. दुसऱ्या पर्यायात नेटवर्कचा वेग घटतो.

आपण काय करायचं?

अ‍ॅप वापरणाऱ्याच्या हातात इथे काहीच नव्हतं. दुरुस्ती मूळ सर्व्हरवर करावी लागते. क्लाउडवर मशीन भाड्याने घेणाऱ्यांनीही आपलं मशीन कितीही अपडेट केलं, तरी वाड्याची भिंत वाड्याच्या मालकालाच बुजवावी लागते. म्हणून क्लाउड सेवा निवडताना भाड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो: चूक उघड झाल्यावर ही कंपनी किती दिवसांत सर्व्हर अपडेट करते?